जाऊन येतो

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच मराठवाड्यातल्या कित्येक वस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. आता ती फेडायला ऊसतोडीच्या फडावर जायचं असतं. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, असे अनेक कोयते मिळून टोळी. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, चुलीची भांडी, एखादी शेळी असं सगळं ट्रॉलीत चढतं. तान्हं पोर आईच्या कडेवर जातं. शाळेत जाणारं पुष्कळदा आजीजवळ मागे राहतं. त्याच्यासाठी सरकारी भाषेत ‘हंगामी वसतिगृह’ नावाची सोय आहे, आणि ती नसेल तिथे आजीची भाकरी आहे. निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. मराठीत घर सोडणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. लांबचा प्रवास असेल तर ‘जाऊन येतो’.

जपानी माणूस घराबाहेर पडताना ‘इत्ते किमासु’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’ असाच आहे. परतल्यावर तो उंबऱ्यात पायातले जोडे काढत ‘तादाइमा’ म्हणतो, म्हणजे ‘आलो बरं का’. आणि आतून आवाज येतो, ‘ओकाएरी’, म्हणजे ‘आलास?’. गेल्या तीसएक वर्षांतल्या उत्तम जपानी चित्रपटांचं सगळं दुखणं ‘इत्ते किमासु’ आणि ‘तादाइमा’ यांच्या मधल्या जागेत आहे. जाऊन येतो म्हणून गेलेला माणूस आला नाही, तर मागे राहिलेल्यांचं काय होतं, हा त्या चित्रपटांचा प्रश्न आहे. तो आपल्याकडे रोज जगला जातो. पण ज्या माणसांच्या अंगणात तो आहे, त्यांच्यापर्यंत हे चित्रपट पोहोचलेले नाहीत.

या अंकाचा विषय आहे ‘अंतर’. जपानी सिनेमा आणि हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ हे देवस्थानाचं गाव यांच्यातलं अंतर मोजायचं, तर ते मैलांत मोजून भागणार नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिचे चार-चार किलोमीटरचे दोन बाहू पूर्ण होतील, तेव्हा ती जपानमधल्या कामिओकाच्या डोंगराखालच्या ‘कागरा’ वेधशाळेची जोडीदार असेल. विश्वातल्या एकाच थरथरीकडे ही दोन्ही ठिकाणं कान लावून बसतील. विज्ञानाला औंढा दूर वाटत नाही. मग सिनेमालाच का वाटावा? या लेखाचं म्हणणं असं, की हे अंतर भूगोलाचं नाही आणि अभिरुचीचंही नाही. ते भाषेच्या वाटेचं आहे. जपानी चित्रपट आपल्याकडे इंग्रजीच्या दारातून येतो आणि त्या दारातून आत येताना त्याची सगळी नाती बाहेर राहतात.

सुटकेसमधली मुलं

हिरोकाझु कोरे-एदा यांचा ‘नोबडी नोज’ हा २००४चा चित्रपट तोक्योतल्या एका छोट्या भाड्याच्या घरात सुरू होतो. आई आणि बारा वर्षांचा अकिरा सामान लावत आहेत. घरमालकाला एवढी दोनच माणसं माहीत आहेत. दार बंद झाल्यावर सुटकेसा उघडल्या जातात आणि आतून धाकटी भावंडं बाहेर पडतात. अकिराच्या पाठची बहीण रात्री आगगाडीने येते. चौघांचे वडील वेगवेगळे, शाळेत कुणाचंच नाव नाही, आणि अकिराखेरीज कुणी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मग आई थोडे पैसे ठेवून जाते, एकदा परत येते, पुन्हा जाते, आणि येत नाही. १९८८ साली तोक्योत उघडकीला आलेल्या एका खऱ्या घटनेवर हे बेतलेलं आहे.

या विषयावर रडवणारा चित्रपट काढणं सोपं होतं. कोरे-एदा यांनी ते केलं नाही. त्यांनी जवळजवळ वर्षभर, ऋतू बदलतील तसं, कथेच्या क्रमानेच चित्रीकरण केलं. मुलांच्या हातात संहिता दिली नाही. संवाद त्या-त्या वेळी कानात सांगितले. त्यामुळे पडद्यावर अकिराची उंची खरोखर वाढते, कपडे खरोखर आखूड होत जातात. वीज तुटते, पाणी तुटतं, मुलं बागेतल्या नळावरून पाणी आणतात. झटपट शेवयांचे रिकामे कप ती टाकून देत नाहीत. त्यांत माती भरून रस्त्याकडेच्या रोपट्यांचं बी लावतात आणि सज्जात मांडून ठेवतात. त्या कपांवर मुलांनी आपापली नावं लिहिली आहेत. आई गेली हे कुणी बोलत नाही, रोपटी वाढत राहतात. अकिराची भूमिका करणाऱ्या युया यागिराला कानच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

चित्रपट आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही आणि शेजाऱ्यांवर बोटही दाखवत नाही. तो मुलांच्या उंचीवर कॅमेरा धरून बसतो. दुकानातला पोऱ्या अकिराला उरलेलं अन्न देतो, घरमालकीण एकदा दारातून डोकावते, आणि पाहूनही काही न करता जाते. मोठ्या शहरात मुलं डोळ्यांदेखत अदृश्य कशी होतात, हे त्या डोकावण्यात कळतं. फडावर गेलेल्या आईबापांच्या मागे राहिलेली मुलं आपल्याकडेही आकडेवारीत सापडतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. फरक मोठा आहे: आपल्याकडची आई टाकून जात नाही, पोटासाठी जाते, आणि हंगाम संपला की येते. पण बारा वर्षांच्या पोराने धाकट्या भावंडाचा बाप होणं म्हणजे काय, हे औंढ्याच्या परिसरातल्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

कारखाने बंद पडले, तेव्हा

हा सिनेमा कुठून आला, हे पाहिलं तर त्याची नजर अशी का, याचा उलगडा होतो. १९५८ साली जपानमध्ये वर्षाला ११२ कोटींहून जास्त तिकिटं खपत. ओझू, मिझोगुची, अकिरा कुरोसावा, नारुसे हे सगळे दिग्दर्शक त्या भरभराटीच्या काळात मोठ्या स्टुडिओंच्या पगारपत्रकावर होते. तिथे दिग्दर्शक घडवण्याची पद्धत आपल्या जुन्या प्रभात कंपनीसारखी होती: पोरसवदा वयात आत शिरायचं, सहायक म्हणून वर्षानुवर्षं घासायचं आणि मग एक दिवस चित्रपट हाती यायचा. दूरचित्रवाणी आली तशी ती इमारत खचत गेली. १९९३ मध्ये देशभरात मिळून १,७३४ पडदे उरले होते. त्याच सुमारास जमिनीच्या आणि शेअरच्या भावांचा फुगा फुटला आणि जपान दीर्घ मंदीत गेला. ओझूंनी जिथे काम केलं, तो शोचिकू कंपनीचा ओफुना स्टुडिओ २००० साली बंद झाला.

नवी पिढी मग दुसऱ्या वाटांनी आली. कोरे-एदा दूरचित्रवाणीसाठी माहितीपट करत होते. नाओमी कावासे हिने ओसाकातल्या शाळेत छायाचित्रण शिकून आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने स्वतःला सांभाळणाऱ्या आजीचे लघुपट काढले. कियोशी कुरोसावा थेट व्हिडिओ कॅसेटवर निघणाऱ्या स्वस्त थरारपटांत घडले. मिवा निशिकावा कोरे-एदांच्या हाताखाली शिकली आणि २००२ मध्ये स्वतःचा पहिला चित्रपट घेऊन उभी राहिली. यांच्यापाशी मोठा सेट नव्हता, पगार नव्हता. म्हणून त्यांनी खरी घरं, खऱ्या गल्ल्या, खरी माणसं घेतली. माहितीपटातून आलेल्या माणसाला थांबून पाहण्याची सवय असते. ती सवय त्यांनी कथापटात आणली. जवळ पैसा नसण्यातूनच त्यांची शैली घडली.

पडझडीचा विषय त्यांना शोधावा लागला नाही. कियोशी कुरोसावांच्या ‘तोक्यो सोनाटा’मध्ये (२००८) नोकरी गेलेला बाप बायकोला काही सांगत नाही, रोज सूट-टाय घालून घराबाहेर पडतो आणि फुकट जेवणाच्या रांगेत उभा राहतो. योजिरो ताकितांच्या ‘डिपार्चर्स’मध्ये (२००८) वाद्यवृंद बंद पडल्याने बेकार झालेला चेलोवादक यामागाता प्रांतातल्या आपल्या गावी परततो आणि मृतदेहाला आंघोळ घालून सजवण्याचं काम पत्करतो. बायकोला कळल्यावर तिच्या तोंडून ‘विटाळ’ याच अर्थाचा शब्द निघतो. २००९ मध्ये या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. अशा कामांमुळे पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजाचं नाव मात्र तो घेत नाही, आणि ही त्याची खरी उणीव आहे. ती उणीव सगळ्यांत आधी ओळखेल असा प्रेक्षक महाराष्ट्रातच बसलेला आहे. ज्याने ‘फॅन्ड्री’ पाहिला, त्याला ‘डिपार्चर्स’ कुठे थबकतो हे लगेच कळेल.

न आलेली रेल्वे, खोटा डॉक्टर

औंढ्याच्या नागनाथाला येणारा लांबचा भाविक परभणीला किंवा हिंगोलीला गाडीतून उतरतो आणि एसटी धरतो. रेल्वे कुठून गेली आणि कुठून नाही गेली, यावर इथल्या गावांचं नशीब ठरलं आहे. कावासेच्या ‘सुझाकु’ या १९९७च्या पहिल्या कथापटाचा विषय नेमका हाच आहे. नारा प्रांतातल्या डोंगरात एक गाव आहे. रेल्वे येणार, बोगदा खोदला जाणार, आणि गाव जगणार, या आशेवर एक कुटुंब उभं आहे. बोगदा खोदला जातो आणि काम थांबतं. कर्ता पुरुष जो खचतो, तो सावरत नाही. एके दिवशी तो आपला छोटा कॅमेरा घेऊन निघून जातो आणि परत येतो ती फक्त त्याने टिपलेली फीत. कुटुंब ती भिंतीवर लावून पाहतं: गावातल्या म्हाताऱ्यांचे चेहरे, एकामागून एक. या चित्रपटात सराईत अभिनेता एकच होता. बाकी सगळे गावचे. मुलीची भूमिका करणारी माचिको ओनो ही तिथल्या शाळेत झाडलोट करताना कावासेला दिसली होती. पुढे ती जपानची नावाजलेली अभिनेत्री झाली.

दहा वर्षांनी, २००७ मध्ये, कावासेच्या ‘द मोर्निंग फॉरेस्ट’ला कानमध्ये ग्राँ प्री मिळाली. विस्मरणाच्या आजाराने ग्रासलेला वृद्ध आपल्या बायकोची समाधी शोधत रानात भटकतो आणि स्वतःचं मूल गमावलेली परिचारिका त्याच्यामागे जाते, एवढीच गोष्ट. त्यात चहाच्या मळ्यातला एक प्रसंग आहे. हिरव्या रांगांमध्ये म्हातारा लहान पोरासारखा लपतो, ती त्याला शोधते, दोघं हसतात. शोक करायला माणसाला रान लागतं, वेळ लागतो आणि सोबतीला कुणीतरी परकं माणूस लागतं, हे कावासे त्या धावपळीतून दाखवते.

निशिकावाचा ‘डियर डॉक्टर’ (२००९) यापेक्षा बोलका आहे. डोंगरातल्या गावाला वर्षानुवर्षं डॉक्टर नव्हता. मग एक आला. तो घरोघरी जातो, म्हाताऱ्यांचं ऐकतो, हात धरून बसतो. त्याच्यापाशी पदवी नाही. गावातल्या काहींना ते ठाऊक असावं आणि त्यांनी ते ठाऊक नसल्यासारखं दाखवलं असावं, असं चित्रपट हळूच सुचवतो. पोलीस चौकशीला येतात तेव्हा प्रश्न उरतो तो हा: खोटं कुणाचं, त्या माणसाचं की त्या गावाला डॉक्टर न देणाऱ्या व्यवस्थेचं? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कुलूपबंद दारासमोर ताटकळलेल्या माणसाला या प्रश्नाची प्रस्तावना लागणार नाही.

या गोष्टी कल्पनेतल्या नाहीत. जपानमध्ये निम्म्याहून अधिक वस्ती पासष्टीपुढची असलेल्या गावांना ‘गेंकाई शुराकु’ म्हणतात, म्हणजे टिकण्याच्या सीमेवर आलेली गावं. १९९९ मध्ये ३,२३२ असलेल्या तिथल्या स्थानिक संस्था विलीनीकरण होत-होत २०१० पर्यंत १,७२७ वर आल्या. कितीतरी गावांची नावं पाटीवरून गेली. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. आपल्याकडे त्या काळात नवी नावं जन्माला येत होती आणि तिकडे जुनी पुसली जात होती.

इंग्रजीचं दार

आता मुख्य मुद्द्याकडे यायला हवं. पुण्याच्या किंवा मुंबईच्या महोत्सवात, छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ महोत्सवात, किंवा घरबसल्या मोबाइलवर, जपानी चित्रपट पाहायचा तर पडद्याच्या तळाशी इंग्रजी ओळी धावत असतात. म्हणजे जपानी गाव समजण्यासाठी मराठवाड्यातल्या गावच्या माणसाला आधी इंग्रजी वाचावं लागतं, आणि तेही दोन-तीन सेकंदांत एक ओळ या वेगाने. इथेच बहुसंख्य प्रेक्षक गळतो. आणि जो गळत नाही, त्यालाही पूर्ण चित्रपट मिळत नाही.

कारण मराठी आणि जपानी या दोन भाषा इंग्रजीपेक्षा एकमेकींच्या जास्त जवळ बसतात. दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे बोलणारा वाक्य अर्धवट सोडून बरंच काही सांगू शकतो. दोन्हींत शब्दयोगी अव्यय नामानंतर येतं. दोन्हींत समोरच्याचा मान क्रियापदात आणि संबोधनात दिसतो. जपानी माणूस वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावतो, आपण ‘ना’ लावतो, आणि दोन्हींचं काम एकच: समोरच्याला आपल्या बाजूला ओढून घेणं. पावसाच्या, पावलांच्या, दुखण्याच्या नादशब्दांचं वैभव दोन्हीकडे आहे. आपली ‘रिपरिप’ आणि त्यांची ‘शितोशितो’ या एकाच पावसाच्या सरी आहेत. घरात धाकटं भावंड थोरल्याला नावाने हाक मारत नाही, ‘ओनीचान’ म्हणतं, मराठीत ‘दादा’. इंग्रजी ओळीत तिथे बहुधा नुसतं नाव येतं, आणि दादापणाचं सगळं ओझं त्या एका शब्दाबरोबर गळून पडतं.

कोरे-एदांच्या ‘स्टिल वॉकिंग’मध्ये (२००८) हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. आईच्या निधनानंतर त्यांनी हा चित्रपट लिहिला. थोरला मुलगा एका बुडणाऱ्या पोराला वाचवताना समुद्रात गेला; त्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी लेक आणि धाकटा मुलगा आपापली माणसं घेऊन घरी येतात. चित्रपट सुरू होतो तो स्वयंपाकघरात: आई आणि लेक मुळा-गाजर तासताहेत, आई तासता-तासता शिकवतेय, टोमणेही मारतेय. मग मक्याचे दाणे सोलून त्यांची भजी तळली जातात. दाणे तेलात तडतडतात आणि त्या वासाने घरातले सगळे पुरुष एकेक करून स्वयंपाकघरात येतात. ज्याला वाचवताना मुलगा गेला, त्या पोराला आई दर वर्षी जेवायला बोलावते. तो आता जाडाजुडा, ओशाळा तरुण झाला आहे. त्याला आता बोलावणं पुरे, असं धाकटा म्हणतो, तेव्हा आई विणकाम न थांबवता शांतपणे सांगते की त्याने वर्षातून एक दिवस तरी यातना भोगाव्यात म्हणूनच ती त्याला बोलावते. रात्री घरात एक पिवळं फुलपाखरू शिरतं. आईला वाटतं, आपला मुलगाच आला. ती हात पुढे करून त्याच्यामागे घरभर फिरते, आणि बाकीचे नजर चुकवतात.

दशक्रियेला घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला या फुलपाखराची टीप लागत नाही. त्याला लागते फक्त आपली भाषा. त्या आईचे टोमणे मराठीत आणायला ‘बाई गं’, ‘अगोबाई’, ‘असू दे बापडी’ असे शब्द आधीच तयार आहेत. कावासेची माणसं नाराची बोली बोलतात. तिला मराठवाड्याच्या ‘काय करायलास?’, ‘कुठं चाललायस?’ या वळणाने उतरवता येईल. पडद्याखालची ओळ पुण्याच्या प्रमाण मराठीतच असली पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

जपानने स्वतः हा मार्ग फार आधी धरला. ‘मोरोक्को’ हा अमेरिकन बोलपट १९३१ मध्ये तिथे जपानी ओळींसह लागला आणि तेव्हापासून ती रीत झाली. एका सेकंदाला साधारण चार अक्षरं, याच मापात ओळ बसवायची, हे तिथलं कसब. उपशीर्षकं लिहिणारी माणसं तिथे नावाने ओळखली जातात. तोक्योतल्या जिंबोचो भागातल्या इवानामी हॉलने १९७४ मध्ये जगभरचे दुर्लक्षित चित्रपट दाखवायला सुरुवात केली, ती सत्यजित राय यांच्या ‘अपुर संसार’ने. तोक्योतला प्रेक्षक बंगालचं खेडं जपानी भाषेतून पाहत होता. त्याला मध्ये इंग्रजीचा टोलनाका लागला नाही. जुलै २०२२ मध्ये ते चित्रपटगृह बंद झालं, तोवर कितीतरी देशांच्या गोष्टी त्याने तोक्योकरांच्या भाषेत सांगून झाल्या होत्या.

हरकती

पहिली हरकत ठरलेली आहे: हे चित्रपट संथ, गावाकडचा माणूस बसणार नाही. गावाकडचा माणूस सात दिवसांच्या सप्ताहात बसतो, रात्रभर भजनाला बसतो, महाशिवरात्रीला नागनाथाच्या दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभा राहतो. मंदिराचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने, अंग चोरून, जवळजवळ बसत खाली उतरावं लागतं, आणि आत पोहोचल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबावं लागतं. थांबणं ज्याच्या अंगवळणी पडलं आहे, त्याच्यावर अधीरपणाचा आरोप करणं अन्यायाचं आहे. तो उठून जातो तो संथपणामुळे नाही, काय चाललंय ते कळत नाही म्हणून.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: जपान श्रीमंत आहे, त्याचं गाव म्हातारपणाने ओस पडतं; मराठवाड्याचं गाव कर्जाने, कोरडवाहूपणाने आणि उचलीने रिकामं होतं. दोन्ही दुःखांना एका मापाने मोजणं चूक. हे खरं आहे आणि ते झाकू नये. ‘सुझाकु’चं गाव एप्रिलमध्ये पुन्हा भरत नाही, आपलं भरतं. पण चित्रपट पाहण्याचा उपयोग आपलं प्रतिबिंब शोधण्यापुरता नसतो. आपल्या दुःखाचं कारण कुठलं आणि माणसाच्या वाट्याला सगळीकडेच येणारं किती, हे वेगळं करता येणं ही मोठी समज आहे. जिथे पैसा आहे तिथेही बाप नोकरी गेल्याचं लपवतो, हे पाहिल्यावर मुकादमाच्या उचलीकडे नशीब म्हणून पाहायची सवय सुटते. ती एक व्यवस्था आहे, माणसांनी घडवलेली आणि म्हणून माणसांनी बदलता येणारी, हे अशा तुलनेतून दिसू लागतं.

तिसरी हरकत अशी, की आपल्याकडे आपला सिनेमा आहे. आहेच, आणि तो अभिमानाचा आहे. ‘श्यामची आई’नंतर अर्ध्या शतकाने ‘श्वास’ला (२००४) राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं आणि मराठीत एक नवं पर्व सुरू झालं. ‘टिंग्या’, ‘गाभ्रीचा पाऊस’, ‘विहीर’, ‘फॅन्ड्री’, ‘किल्ला’ ही त्याच काळाची अपत्यं. त्यांतल्या काहींनीही गावचीच पोरं कॅमेऱ्यासमोर उभी केली: ‘टिंग्या’चा शरद गोयेकर जुन्नरकडच्या गावातला, ‘फॅन्ड्री’चा सोमनाथ अवघडे हलगी वाजवणारा. कावासेने जे नारात केलं तेच इथे स्वतंत्रपणे घडलं. ‘विहीर’मध्ये गेलेल्या भावाला शोधणारा मुलगा आणि ‘नोबडी नोज’चा अकिरा एकमेकांना ओळखतील. म्हणून तर ते एकमेकांना भेटायला हवेत. ज्याच्यापाशी स्वतःचं चांगलं आहे, त्यालाच दुसऱ्याचं चांगलं नीट पारखता येतं.

चौथी हरकत आजची आहे: मोबाइलवर सगळं मिळतं. मिळतं, पण इंग्रजी ओळींसकट आणि तळहाताएवढ्या पडद्यावर, जिथे शेवयांच्या कपावरचं नाव दिसत नाही. आणि भाषा बदलली की काय घडतं, याचा पुरावा आपल्या घराघरांत आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी लागणारं ‘जंगल बुक’ जपानी कंपनीने बनवलेलं होतं. हिंदीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, आणि ते जपानी आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही. आज पहिलीतलं पोर जपानी कार्टूनमधल्या नोबिता आणि शिझुकाला शेजारच्या मुलांसारखं ओळखतं, कारण ती हिंदी बोलतात. ‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक मराठीत आलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांनी ते आपलं मानलं. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला आणि तो परका राहिला नाही. जपानला मराठी मनात जागा आहे. मोठ्यांच्या सिनेमाला तेवढी वाट करून दिलेली नाही.

पडद्याशेजारचा माणूस

वाट करून देणं म्हणजे काय, ते नेमकं सांगता येतं. एका चित्रपटात साधारण हजार-बाराशे ओळी असतात. या दिग्दर्शकांच्या अबोल चित्रपटांत त्याहून कमीच. जपानी जाणणारा आणि मराठी चांगलं लिहिणारा माणूस काही आठवड्यांत हे काम करू शकतो. अशी माणसं आहेत: जपानी शिकण्या-शिकवण्याची पुण्यातली परंपरा देशातल्या मोठ्या परंपरांपैकी एक आहे, आणि तिथले विद्यार्थी आज प्रामुख्याने कंपन्यांची कागदपत्रं भाषांतरित करतात. चित्रपटाच्या हक्कदारांकडून रीतसर परवानगी घ्यावी लागेल. जपान फाउंडेशन भारतात महोत्सव भरवते, तिच्याकडे मराठी ओळींची मागणी करता येईल. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून उभं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अभिजात भाषेच्या नावाने निघणाऱ्या निधीतला थोडा वाटा या ओळींना मिळाला, तर भाषेचा तो गौरव गावातल्या भिंतीवर उमटलेला दिसेल. दाखवायला आलिशान चित्रपटगृह लागत नाही. जत्रेतल्या तंबूत, ट्रकवर बसवलेल्या प्रोजेक्टरसमोर, जमिनीवर बसून सिनेमा पाहिलेल्या या महाराष्ट्राला शाळेचं सभागृह आणि पांढरी भिंत पुरे आहे.

एक प्रश्न मात्र खरा अवघड आहे. आजीचं काय? पोरांना सांभाळत मागे राहिलेली, ज्या गोष्टीवर सगळ्यांत जास्त हक्क जिचा आहे ती आजी पुष्कळदा वाचू शकत नाही. याचंही उत्तर जपानच्याच इतिहासात आहे. मूकपटांच्या काळात तिथे प्रत्येक चित्रपटगृहात पडद्याशेजारी ‘बेन्शी’ उभा असे. तो सगळ्या पात्रांचे संवाद बोले, प्रसंग समजावी, प्रेक्षकाला हसवी-रडवी. लोक नटापेक्षा बेन्शीचं नाव पाहून तिकीट काढत. अकिरा कुरोसावांचे थोरले भाऊ बेन्शी होते. बोलपट आणि पडद्याखालच्या ओळी आल्या, आणि तो पेशा गेला.

आपल्याकडे तो गेलेला नाही. कीर्तनकार अजून उभा आहे. आख्यान लावून धरणं, एका गळ्यातून चार पात्रं बोलणं, अडलेल्या म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहून तेच वाक्य सोपं करून पुन्हा सांगणं, हे काम इथे सातशे वर्षांपासून चालू आहे. ज्यांनी कीर्तन उभ्या देशात नेलं, त्या नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. आणि औंढ्याची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे: देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागे घालवलं, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी मंदिराच्या मागे का, याचं कारण आजही हेच सांगितलं जातं.

जो मागे बसला आहे त्याने पुढे येण्याची पात्रता मिळवावी, असं त्या गोष्टीत कुणी म्हणत नाही. तोंड फिरवायची जबाबदारी देवळाने घेतली. सुरुवातीला एकच चित्रपट पुरेल: पितृपंधरवड्यातली एखादी संध्याकाळ, शाळेची भिंत, ‘स्टिल वॉकिंग’, पडद्याखाली मराठी ओळी आणि पडद्याशेजारी त्या वाचणारा एक खणखणीत आवाज. तेलात मक्याचे दाणे तडतडतील तेव्हा समोरच्या बायका एकमेकींकडे पाहतील. पुढे कधीतरी अकिराच्या आईचीही पाळी येईल. ती सामान आवरून दाराशी उभी राहील, आणि भिंतीवर दोनच शब्द उमटतील: ‘जाऊन येते.’ ते खरे ठरतील की नाही, हे पुढच्या रांगेतल्या मुलांना तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईल.